लॅम्डा ०.९६ आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त: दोष खरोखर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाच आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी गाडी जवळजवळ वीस वर्षे जुनी आहे. इंजिन चार सिलिंडरचे असून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आहे. इंजेक्टरच्या रेलवर, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, व्हॅक्यूमवर चालणारा प्रेशर रेग्युलेटर आहे आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक व नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत. या वेळच्या उत्सर्जन चाचणीत गाडी नापास झाली. चाचणीच्या कागदावरचे आकडे जसेच्या तसे देत आहे.

आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड १.६ टक्के, हायड्रोकार्बन २४० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १३.४ टक्के, ऑक्सिजन ०.४ टक्के आणि लॅम्डा ०.९६.

२५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.७ टक्के, हायड्रोकार्बन ९० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १४.३ टक्के, ऑक्सिजन ०.३ टक्के आणि लॅम्डा ०.९९.

चालवताना गाडीबद्दल मोठी तक्रार नाही. ती झटके देत नाही, ओढही चांगली आहे आणि इंजिनचा दिवा लागलेला नाही. तरीही तीन गोष्टी लक्षात आल्या आहेत. पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त लागते. सायलेन्सरच्या टोकाच्या आत बोट फिरवले तर कोरडी काळी काजळी लागते. गरम इंजिन थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू करायला गेले की स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो, पण सकाळी थंड इंजिन मात्र लगेच सुरू होते.

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर चाचणीच्या आधीच नवे बसवले होते. मेकॅनिकचे म्हणणे असे, की कार्बन मोनॉक्साइड जास्त आहे म्हणजे कन्व्हर्टर संपला आहे, तेव्हा तो आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकावेत. खर्च मोठा आहे. तो करायला माझी ना नाही, परंतु हे निदान वरच्या आकड्यांशी जुळते का, हे आधी समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपण पाचही आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण एकट्या कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यावरून कोणताही सुटा भाग दोषी ठरवता येत नाही. माझे मत आधीच सांगतो: या कागदावरून कन्व्हर्टर खराब आहे असे म्हणता येत नाही. तो चांगला आहे असेही म्हणता येत नाही. त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही.

कारण लॅम्डामध्ये आहे. पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण अचूक असले की लॅम्डा १ येतो. एकापेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, अर्थात मिश्रण रिच; एकापेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, अर्थात मिश्रण लीन. चाचणीचे यंत्र लॅम्डा थेट मोजत नाही. ते चार वायूंचे प्रमाण मोजते आणि त्या सर्वांमध्ये मिळून कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती आहे याचा हिशेब मांडून लॅम्डा काढते. आता कन्व्हर्टर काय करतो ते पाहा. तो कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन जोडून कार्बन डायऑक्साइड बनवतो, हायड्रोकार्बन जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. तो बाहेरून काही आणत नाही आणि काही काढूनही टाकत नाही, फक्त आहेत त्याच अणूंची मांडणी बदलतो. म्हणून कन्व्हर्टर उत्तम असो, अर्धमेला असो किंवा आतून पूर्ण पोकळ झालेला असो, हिशेबाने काढलेला लॅम्डा त्याच्या आधी आणि नंतर जवळजवळ सारखाच राहतो. आपल्या गाडीचा आयडलवरचा ०.९६ हा आकडा कन्व्हर्टरने निर्माण केलेला असूच शकत नाही. इंजिनमध्ये जे मिश्रण गेले त्याचाच तो आकडा आहे.

कन्व्हर्टर थकलेला असता तर कागद वेगळा दिसला असता. उदाहरणादाखल, कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के, ऑक्सिजन ०.७ टक्के, हायड्रोकार्बन १८० पीपीएम आणि लॅम्डा बरोबर १.००, असे आकडे आले असते तर मी आपल्या मेकॅनिकच्या बाजूने उभा राहिलो असतो. तिथे मिश्रण योग्य आहे, जाळायला कार्बन मोनॉक्साइड आहे, जाळण्यासाठी ऑक्सिजनही आहे, आणि तरी दोघे एकमेकांशेजारून न जुळता बाहेर पडत आहेत. म्हणजे ज्याने त्यांना एकत्र आणायचे तो कन्व्हर्टर काम करत नाही. आपल्या आकड्यांत ऑक्सिजन ०.४ टक्के आहे आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या चौपट. आहे तो सगळा ऑक्सिजन वापरला तरी फक्त ०.८ टक्के कार्बन मोनॉक्साइड जळेल, कारण कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. उरलेल्यासाठी हवाच नाही. अशा स्थितीत अगदी नवा कन्व्हर्टर बसवला तरी आकडा थोडा उतरेल आणि गाडी पुन्हा नापास होईल. शिवाय सतत रिच मिश्रणाची काजळी नव्या कन्व्हर्टरवरही बसत राहील, हे नुकसान वेगळेच.

कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांची बेरीज दोन्ही वेळी १५ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे चाचणीची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत गेलेली होती आणि बाहेरची हवा धुरात मिसळलेली नव्हती, असे धरता येते. ही बेरीज १२ टक्क्यांच्या खाली असती तर मी आधी सायलेन्सरला कुठे भोक आहे का ते पाहायला सांगितले असते.

आणखी एक गोष्ट. आयडलवर दोष मोठा आणि २५०० आरपीएमवर बराच लहान, हा फरक महत्त्वाचा आहे. तो शोध कुठल्या दिशेने न्यायचा हे सांगतो, आणि त्यावर इथले इतर जाणकार माझ्यापेक्षा नेमके लिहू शकतील.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. आता पुढचा प्रश्न असा: मिश्रण रिच आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, माहीत आहे का? इंजिन गरम झाल्यावर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडून ईसीयूला सतत खबर मिळत असते आणि त्यानुसार ती इंजेक्टर उघडे ठेवण्याचा वेळ कमीजास्त करते. तिने किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीयूतली माहिती वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर लावला तर तो दिसतो, आणि या एका आकड्यावर सारा शोध दोन वाटांनी फुटतो.

ट्रिम अधिक चिन्हाचा असेल, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत असेल आणि धुरात मात्र कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर ईसीयूला चुकीची माहिती मिळत आहे. ऑक्सिजन सेन्सर खराब झाला असेल, किंवा त्याच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. सेन्सर केवळ ऑक्सिजन ओळखतो. तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की फटीतून, हे त्याला कळत नाही. हवा जास्त दिसली की तो मिश्रण लीन आहे असे कळवतो आणि ईसीयू बिचारी आणखी पेट्रोल देते.

ट्रिम उणे चिन्हाचा आणि मोठा असेल, समजा उणे १५ ते उणे २५, तर सेन्सर खरे बोलत आहे आणि ईसीयू शक्य तेवढे पेट्रोल कापतही आहे, पण तिच्या हिशेबात नसलेले पेट्रोल कुठून तरी आत येत आहे. असे पेट्रोल येण्याच्या जागा मोजक्याच आहेत. इंजेक्टर बंद असतानाही गळत असेल. प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटून त्याच्या व्हॅक्यूम नळीतून पेट्रोल ओढले जात असेल. टाकीतली वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व उघडा अडकला असेल. किंवा इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेले असेल आणि गरम ऑइलमधून उठणारी त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इनटेकमध्ये जात असेल. एअर फ्लो सेन्सर चुकीचा किंवा रेलमधले प्रेशर मुळातच जास्त असेल तरीही ट्रिम उणे होतो, परंतु मग २५०० आरपीएमवरही तो साधारण तितकाच उणे दिसायला हवा.

तिसरी एक शक्यता आधीच काढून टाकावी: ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नसेल. इंजिन थंड आहे असे तिला वाटत असेल तर ती मुद्दाम जास्त पेट्रोल देते. म्हणून स्कॅनरवर कूलंटचे तापमान पाहा. इंजिन पूर्ण तापल्यावर ते साधारण ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिरावायला हवे. ते साठच्या आसपास रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा तापमानाचा सेन्सर खोटा आकडा देत आहे.

आपल्याला पुढील क्रम सुचवतो. गाडी चांगली वीस मिनिटे चालवून आणा आणि स्कॅनरवर कूलंटचे तापमान, दोन्ही ट्रिम (क्षणोक्षणी बदलणारा तात्कालिक आणि सवयीने ठरलेला दीर्घकालीन) आणि पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज आयडलवर व २५०० आरपीएमवर टिपून घ्या. झिर्कोनिया प्रकारचा चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो, तो ०.८ वर चिकटून बसला तर मिश्रण रिच. यानंतर पर्ज व्हॉल्वपासून इनटेककडे जाणारी नळी पक्कडीला कापड गुंडाळून हलकेच दाबून बंद करा आणि ट्रिम सावरतो का ते पाहा. मग ब्रीदरची नळी इनटेकच्या बाजूने काढून तिथले भोक बंद करा आणि पुन्हा पाहा. शेवटी रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिच्या तोंडाशी पेट्रोलचा ओलावा किंवा वास आहे का ते तपासा. ही शेवटची तपासणी मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवून करावी, जवळपास ठिणगी किंवा ज्योत असता कामा नये.

इंजिनचा दिवा लागलेला नाही म्हणून सगळे ठीक आहे असे धरू नका. मिश्रणासंबंधीचा दोष सहसा लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये आढळल्याशिवाय दिवा पेटत नाही, आणि दरम्यान तो प्रलंबित कोड म्हणून साठवलेला असतो. स्कॅनरमध्ये प्रलंबित कोडचे पान वेगळे असते, ते अवश्य उघडा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. सांगितलेल्या क्रमाने सर्व तपासण्या केल्या. कूलंट ९१ अंशांवर स्थिर आहे. आयडलवर दीर्घकालीन ट्रिम उणे २२ आणि तात्कालिक ट्रिम उणे १० च्या आसपास हलतो. २५०० आरपीएमवर दीर्घकालीन ट्रिम उणे ८ पर्यंत येतो. पुढचा सेन्सर आयडलवर बहुतेक वेळ ०.८ व्होल्टच्या वर असतो आणि क्वचितच खाली उतरतो. प्रलंबित कोडच्या पानावर पी०१७२, म्हणजे मिश्रण जास्त रिच असल्याचा कोड, मिळाला.

पर्जची नळी दाबल्यावर काहीच फरक पडला नाही. ब्रीदर काढल्यावर तात्कालिक ट्रिम थोडा सावरला, फार नाही. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली तेव्हा मात्र तिच्या आतल्या बाजूला ओलसर थर होता आणि वास सरळ पेट्रोलचा होता. इंजिन चालू ठेवून पाहिले तर रेग्युलेटरच्या उघड्या टोकाशी एक थेंब हळूहळू फुगत होता, मग धातूवरून घसरून त्याच्या जागी दुसरा येत होता. लगेच इंजिन बंद केले. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी वरच्या खुणेच्याही थोडी वर आहे आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो.

हे रेग्युलेटरचेच काम आहे असे समजू का? आणि ब्रीदर काढल्यावर जो थोडा फरक पडला त्याचा अर्थ काय?

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

होय, दोष सापडला. त्या टोकातून पेट्रोलचा एक थेंबही यायला नको. रेग्युलेटरच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला रेलमधले पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. पडद्याला चीर गेली की व्हॅक्यूम पेट्रोलला सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढून घेतो. हे पेट्रोल कोणत्याही इंजेक्टरमधून गेलेले नसते, म्हणून ईसीयूच्या हिशेबात ते कधी येतच नाही.

आयडल आणि २५०० आरपीएम यांतल्या फरकाचा उलगडाही इथेच होतो. गाडी जागेवर उभी असताना दोन्ही वेळी मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर असतो, म्हणून चिरेतून येणारे पेट्रोल साधारण सारखेच राहते. परंतु २५०० आरपीएमवर इंजिन आयडलच्या कितीतरी पट हवा घेते, आणि त्या मोठ्या हवेत तेवढ्याच गळतीचा वाटा लहान होतो. उणे २२ चा ट्रिम उणे ८ वर येण्याचे कारण हेच. गळणारा इंजेक्टरही असेच चित्र दाखवतो, म्हणून नळी उघडून पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यांवरून रेग्युलेटर बदला असे मी सांगितले नसते. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला वेळ लागण्याचे कारणही हीच चीर आहे: इंजिन बंद केल्यावर रेलमधले प्रेशर टिकण्याऐवजी पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये झिरपते, आणि पुन्हा सुरू करताना सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतेच, त्यामुळे सकाळी हा दोष झाकला जातो.

ऑइलबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण बहुतेक वेळा ते राहून जाते. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टन रिंगच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल तापले की त्याची वाफ ब्रीदरमधून पुन्हा इनटेकमध्ये येते. ब्रीदर काढल्यावर आपल्याला दिसलेला थोडासा फरक त्या वाफेचा आहे. फक्त रेग्युलेटर बदलून लगेच चाचणीला गेलात तर ही वाफ कार्बन मोनॉक्साइड पुन्हा मर्यादेवर नेऊ शकते आणि नवा रेग्युलेटरही खराब निघाला असा गैरसमज होईल. त्याहून गंभीर म्हणजे पेट्रोल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि बेअरिंगचे रक्षण करण्याची त्याची ताकद घटते. म्हणून रेग्युलेटर, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर एकाच वेळी बदला, आणि तोपर्यंत गाडी शक्यतो चालवू नका.

रेग्युलेटर काढण्याआधी रेलमधले प्रेशर सोडणे आवश्यक आहे. इंधनपंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हा त्याचा नेहमीचा मार्ग आहे. सील नवीनच घाला. काम झाल्यावर शक्य असल्यास गेज लावून प्रेशर पाहा. अशा रचनेच्या बऱ्याच गाड्यांमध्ये व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना ते साधारण ३ बार असते आणि नळी लावल्यावर आयडलला सुमारे अर्धा बार उतरते; नेमका आकडा आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. इंजिन बंद केल्यावर प्रेशर झपाट्याने पडत असेल तर एखादा इंजेक्टर किंवा पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्वही गळत आहे.

ऑक्सिजन सेन्सर सध्या बदलू नका. तो रिच मिश्रणाला रिच म्हणत होता, म्हणजे त्याने आपले काम चोख केले.

आणखी एका वाचकाचा प्रश्न

याच विषयाला जोडून विचारतो. माझी गाडी याहून जुनी, कार्ब्युरेटरची आहे आणि तिला कन्व्हर्टर नाही. आयडलवर कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्के, परंतु हायड्रोकार्बन ६०० पीपीएम, ऑक्सिजन २.८ टक्के, कार्बन डायऑक्साइड १२.९ टक्के आणि लॅम्डा १.१२ आला. रेस केल्यावर सर्व आकडे बरेच सुधारतात. कार्बन मोनॉक्साइड इतका कमी असताना हायड्रोकार्बन कसे वाढते? मला तर प्लग आणि वायर बदला असे सांगितले आहे.

दुसऱ्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले पेट्रोल, आणि पेट्रोल दोन्ही टोकांना न जळता राहू शकते. मिश्रण खूप लीन झाले की ठिणगी पडूनही ज्योत सिलिंडरभर पसरत नाही; एखादा स्फोट चुकतो आणि त्या फेरीतले सगळे पेट्रोल तसेच सायलेन्सरमधून बाहेर जाते. कार्बन मोनॉक्साइड मात्र अर्धवट ज्वलनातून, हवेच्या कमतरतेमुळे तयार होतो, म्हणून लीन मिसफायरमध्ये तो जवळजवळ शून्यावर असतो.

प्लग-वायरच्या दोषामुळेही मिसफायर होतो, पण तिथे सिलिंडरमध्ये गेलेले मिश्रण मुळात योग्य प्रमाणाचे असते. न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात, हिशेबात एकमेकांना तोलतात आणि लॅम्डा एकच्या जवळ राहतो. यंत्र न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग मोजू शकत नसल्याने तो किंचित वर सरकतो, पण १.१२ पर्यंत सहसा जात नाही. म्हणून आपल्या बाबतीत मी प्लगच्या आधी हवा शोधेन.

तीही दोन ठिकाणी शोधावी लागेल. सर्वांत आधी सायलेन्सर आणि त्याचे सांधे पाहा. तिथे भोक असेल तर आयडलला दोन स्पंदनांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते आणि लॅम्डा खोटाच वर दिसतो. आरपीएम वाढल्यावर ही गळती कमी होते, त्यामुळे रेस केल्यावर आकडे सुधारणे एवढ्यावरून हा दोष वेगळा काढता येत नाही. इंजिन सुरू करून सायलेन्सरचे टोक जाड कापडाने क्षणभर दाबले तर फुसफुस आवाज येणारी जागा कळते. अर्थात धूर पातळ झाला तर हायड्रोकार्बनचा आकडाही पातळ व्हायला हवा होता, आणि आपला तर ६०० आहे, तेव्हा सांधा गळत असला तरी इंजिनमध्ये खरा मिसफायर आहेच.

मग इनटेककडे या. कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरला जाणारी जाड नळी, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची बारीक नळी, या सर्वांचे रबर इतक्या वर्षांत कडक होऊन तडकते. नळ्या एकेक करून दाबून बंद करा आणि आयडल बदलतो का ते ऐका. काही न सापडल्यास आयडल जेट काढून स्वच्छ करा, कारण त्यात कचरा अडकला तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात आणि रेस केल्यावर मुख्य जेट चालू झाल्याने ती नाहीशी होतात.

एक सोपी खात्री आयडलच्या मिक्स्चर स्क्रूने करता येते. स्क्रूची मूळ जागा लिहून ठेवा, तो थोडा रिच बाजूला फिरवा आणि आकडे पाहा. हायड्रोकार्बन एकदम खाली आले आणि आयडल गुळगुळीत झाला तर लीन मिसफायर नक्की. हायड्रोकार्बन तसेच राहून फक्त कार्बन मोनॉक्साइड वाढला तर दोष प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप किंवा कमी कॉम्प्रेशनचा आहे, आणि तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्वचा क्लिअरन्सही मोजावा. एवढे मात्र करू नका: गळती शोधायची सोडून स्क्रू रिच करून चाचणी पार पाडायची. हवेची फट तशीच राहते, चार सिलिंडरांपैकी ज्याच्याजवळ फट आहे तो लीनच चालतो आणि बाकीचे तीन विनाकारण रिच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काम पूर्ण झाले. रेग्युलेटर, त्याचे सील, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. ईसीयूची जुनी नोंद पुसली आणि ट्रिम नव्याने बसावा म्हणून गाडी वेगवेगळ्या वेगाने चालवली. आयडलवर दीर्घकालीन ट्रिम आता उणे ३ च्या आसपास आहे आणि पुढचा सेन्सर ठरल्याप्रमाणे वरखाली होतो. गेजवर प्रेशर पुस्तिकेप्रमाणे मिळाले आणि इंजिन बंद केल्यावरही टिकून राहिले.

पुनर्चाचणीत आयडलचे आकडे असे आले: कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, हायड्रोकार्बन ६० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १४.९ टक्के, ऑक्सिजन ०.२ टक्के आणि लॅम्डा १.००. गाडी उत्तीर्ण झाली. कन्व्हर्टर आणि दोन्ही सेन्सर जुनेच आहेत. इतका काळ रिच मिश्रण सहन केलेल्या या कन्व्हर्टरची अवस्था आता कशी पाहावी? काही जण त्याच्या आधीचे आणि नंतरचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायला सांगतात.

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

अभिनंदन. हे आकडे चांगल्या इंजिनाचे आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी इतके खाली आहेत म्हणजे कन्व्हर्टर आपले काम करत आहे.

तापमानाच्या मोजणीवर मी भर देणार नाही. इंजिन चांगले चालत असेल तर कन्व्हर्टरला जाळायला फारसे काही मिळतच नाही, मग नंतरचे तापमान वाढणार कशाने? उलट मिसफायर होणाऱ्या गाडीत तोच फरक मोठा दिसतो आणि कन्व्हर्टर उत्तम असल्याचा भास होतो. त्यापेक्षा मागच्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहा. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरचे चढउतार मागे पोहोचेपर्यंत विरून जातात. गाडी लांबवर चालवून कन्व्हर्टर पूर्ण तापल्यावर २५०० आरपीएम स्थिर ठेवा. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहिला तर काळजी नाही. तो पुढच्याइतकाच भरभर नाचू लागला तर साठवण संपत आली आहे.

कन्व्हर्टरला पुढे खरा धोका ऑइल जळण्याचा आहे. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त त्याच्या आतल्या धातूंच्या थरावर बसते, आणि ते काजळीसारखे जळून जात नाही. म्हणून दोन ऑइल बदलांमध्ये पातळी किती उतरते ते लिहून ठेवत जा. ती लक्षणीय उतरू लागली तर व्हॉल्व सील आणि रिंग आधी पाहा, कन्व्हर्टर नंतर.